हेड कंपनीचं, डबे इंदापूरचे

"बाळ किती वर्षांचं आहे, मॅडम?" पुण्याच्या दुकानातल्या माणसाने फोनवर मला पहिला प्रश्न विचारला तो हा. मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा लावला, त्याने पुन्हा तेच विचारलं, आणि मी म्हणाले, "सेहेचाळीस." मग मात्र त्याने मला व्यवस्थित माहिती दिली.

मला मूल नाही. हे इथेच सांगून टाकते, कारण आमच्याकडे ही गोष्ट कुणी बोलत नाही आणि म्हणूनच ती सगळ्यांच्या डोक्यात चोवीस तास असते. मूल नसलेल्या घरात खेळण्यातली आगगाडी येणार म्हटल्यावर कंपनीतल्या एकीने आधी माझ्या पोटाकडे बघून घेतलं. शेजारणीने सरळ विचारलं, "कुणाच्या वाढदिवसाला?" माझ्यासाठी आणतेय म्हटल्यावर तिने माझा दंड हलकेच दाबला. तो दाबलेला दंड मी अजून विसरलेले नाही. कीव करायची असेल तर स्वतःच्या घरी बसून करावी, माझ्या दाराशी येऊन करू नये.

मी बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. टँकर येतात, मी नमुने काढते, फॅट बघते, पाणी घातलंय का ते बघते. दुधातलं पाणी ओळखायचा धंदा असल्यामुळे माणसांच्या बोलण्यातलं पाणीही मला लवकर ओळखू येतं, आणि त्यामुळे मला मैत्रिणी कमी आहेत.

रेल्वेचं लहानपणापासूनचं वेड वगैरे मला काही नाही. माझ्या माहेरच्या गावाला रेल्वे नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी कॅन्टीनमध्ये डबा खाताना मोबाइलवर कुठल्याशा परदेशी म्हाताऱ्याचा व्हिडिओ समोर आला. त्याच्या टेबलावर एक वीतभर मालगाडी गोल गोल फिरत होती. तिला कुणाला कुठे पोचवायचं नव्हतं. कशाच्या उपयोगाची नव्हती, आणि म्हातारा तिच्याकडे बघत चहा पीत होता. मला ती गाडी फार आवडली. आमच्या घरात बिनउपयोगाची एकही वस्तू नव्हती, मला सोडून, असं काही लोकांचं मत असेल.

आमच्या सासरी वस्तू एकट्याने घ्यायची पद्धत नाही. थोरले दीर अंथुर्ण्याला शेतावर असतात. आम्ही दोघं बारामतीत फ्लॅटवर. तरीही पंप असो, मिक्सर असो, की आमच्या फ्लॅटची फरशी, सगळं आधी त्यांच्या नजरेखालून जातं. ते बघतात, ठोकून बघतात, दोन ठिकाणी फोन लावतात आणि मग सांगतात काय घ्यायचं ते. स्कूटी मला निळी हवी होती. काळी आली, कारण काळी मळत नाही म्हणे. बारामतीच्या धुळीत काळी गाडी मळत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या सल्ल्याने मी बावीस वर्षं संसार केला आहे.

दवाखानाही त्यांच्याच नजरेखालून गेला. लग्नाला सात वर्षं झाली होती, बारामतीत माझे उपचार चालू होते. ते बंद करायचं ठरलं ती बैठक अंथुर्ण्याला ओट्यावर झाली. मी आत भाकरी थापत होते. "आता पुरं झालं, तिच्या जिवाला तरास नको," असं ठरलं. माझ्या जिवाची काळजी माझ्या पाठीमागे केली गेली आणि रात्री नवऱ्याने मला निकाल सांगितला. त्याला मी काही बोलले नाही. तेव्हा मला बोलता येत नव्हतं.

म्हणून ही एक वस्तू मीच निवडणार, असं मी ठरवलं. छोटी असली तरी चालेल, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या डोक्याने.

तीन आठवडे मी त्याच शोधात होते. नव्या माणसाला यात सगळ्यात आधी आकार ठरवावा लागतो. एक आकार फार बारीक, सगळी गाडी शर्टाच्या खिशात मावेल असा. तो जागा कमी खातो, पण चष्मा लावूनही मला त्याची चाकं रुळावर बसवता आली नसती. म्हणून त्याहून मोठा, एचओ म्हणतात तो घ्यायचा ठरवला. दिवाण आणि टीव्हीच्या मधली फरशी मी टेपने मोजली. रुळांचं गोल कडं तिथे बरोबर बसत होतं. मग कुठली गाडी? प्रवासी डबे नको, हे पहिल्याच दिवशी ठरलं. माणसं नकोतच. मालगाडीचा एक संच होता, त्यात बुटकं हिरवं इंजिन, तीन उघडे डबे आणि एक टँकर. मी दिवसभर टँकरच्या अंगावर चढते, त्याचं झाकण उघडते, नाकाने वास घेते. इतका लहान, वास नसलेला टँकर बघून मला हसू आलं. तोच संच मी पक्का केला.

दुकानदाराने एक गोष्ट निक्षून सांगितली होती. पहिल्यांदा घेताय तर सगळं एकाच खोक्यातलं घ्या. इंजिन, डबे, रूळ, वीज देणारा कंट्रोलर, सगळं एकमेकांसाठी केलेलं असतं. हे मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आणि मग मी माझ्या आयुष्यातली एक चूक पुन्हा केली. नवरा थोरल्या भावाला घेऊन पुण्याला डोळे तपासायला चालला होता. मी म्हटलं, येताना दुकानातून माझं खोकं घेऊन या. चिठ्ठीवर संचाचं नाव, नंबर, दुकानाचा पत्ता, सगळं लिहून दिलं. दुकानदाराने खोकं बाजूला काढून ठेवलं होतं. फक्त उचलायचं होतं.

संध्याकाळी नवरा आला. हातात एक खोकं नव्हतं, तीन होती. एकात इंजिन, एकात रूळ, एकात कंट्रोलर. इंजिन भलंमोठं, निळं, सहा चाकांच्या जोड्यांचं.

"माझी गाडी कुठंय?"

"हीच की. दादानं बघितली ती. म्हणला, डबे प्लॅस्टिकचे हायत, हाताखाली चेपत्यात. आन् हेडमंदी दम न्हाय. म्हणून मोठं हेड घेतलं."

"आणि डबे?"

"डबे दादा करून घेतोय. इंदापूरला त्याचा ट्रॉलीवाला हाय ना."

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे ट्रॅक्टर घेतात तेव्हा कंपनीकडून फक्त पुढचं इंजिन घेतात, त्याला हेड म्हणतात. मागची ट्रॉली कंपनीची कुणी घेत नाही. ती ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, समोर उभं राहून, हव्या त्या जाडीच्या पत्र्याची करून घेतात. हेड कंपनीचं आणि ट्रॉली घरची, हे शहाणपण शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ते खरंही आहे. ऊस ओढायचा असेल तर.

मी नवऱ्याला विचारलं, "चिठ्ठी दाखवलीत का त्यांना?"

"दाखवली की."

"मग?"

"अगं, त्याला त्यातलं कळतं."

मी त्या दिवशी ताट वाढलं आणि त्याच्यासमोर आपटलं. आमटी सांडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा सांडली, आणि पुसली त्याने.

मी बदलून आणते म्हटलं, तर नवरा म्हणाला, दादाने पत्रा कापायला दिलाय, आता नको. आता नको, हे दोन शब्द या घराण्याच्या कुलदैवतासारखे आहेत. गाडी चालते का ते तरी बघावं म्हणून मी रूळ जोडले. इंजिन एकटं फिरलं, पण प्रत्येक वळणावर अंग चोरत, खडखडत. इतकं लांब इंजिन इतक्या लहान वळणासाठी नसतंच. माझ्या वहीत तेही लिहिलेलं होतं. ती वही कुणी मागितली नव्हती.

दोनेक आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, दीर आणि जाऊबाई आले. दिरांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. जाऊबाईंच्या हातात ताट होतं, त्यात हळदकुंकू, नारळ, लिंबू, निरांजन.

दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. जुनी रीत आहे, थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी मोजकं बोलायचं. मी समोर असले तरी ते नवऱ्याला सांगतात आणि नवऱ्याने मला सांगायचं. "तिला म्हणावं पाट मांड," ते नवऱ्याला म्हणाले. मी एक फुटावर होते.

नवी गाडी घरात आली की पूजा, हा नियम. माझी परवानगी कुणी विचारली नाही, विचारली असती तर मी काय म्हणाले असते हे सगळ्यांना माहीत होतं. जाऊबाईंनी इंजिनाच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या. दिरांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि ते इंजिनाला चिरडेना म्हणून वरून अंगठ्याने दाबलं. रस रुळावर पसरला. मी रोज ॲसिड हाताळते, ते धातूचं काय करतं हे मला माहीत आहे. मी फडकं आणायला वळले तर नवरा म्हणाला, "राहू दे आता."

मग गोणपाट सोडलं.

खोटं बोलणार नाही, काम देखणं होतं. चार डबे, जाड पत्र्याचे, उसाच्या ट्रॉलीसारखे, बाजूला बारीक सळयांच्या खुंट्या, कोपऱ्यांना वेल्डिंग घासून गुळगुळीत केलेलं. लाल आणि पिवळा रंग. लेथवर फिरवलेली अस्सल लोखंडी चाकं, अस्सल लोखंडी दांड्यावर ठोकून बसवलेली. एकेक डबा वरवंट्याइतका जड. मी एक हातात घेतला आणि चाकं बघितल्याबरोबर मला कळलं की ही गाडी चालणार नाही. या खेळात एका रुळातून वीज येते आणि दुसऱ्यातून परत जाते. म्हणून विकतच्या डब्यांची चाकं एकमेकांपासून तोडलेली असतात, मध्ये प्लॅस्टिक असतं. अख्खं लोखंड दोन्ही रुळांवर ठेवलं की वीज तिथूनच मागे फिरते आणि सगळं बंद पडतं.

हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि मला डब्याची मागची बाजू दिसली.

आमच्याकडे ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर मालकाच्या मुलांची नावं रंगवतात. कुठल्याही रस्त्यावर बघा, उसाच्या पुढे वाहनं अडकलेली असतात आणि समोर कुणाची तरी दोन मुलं चिरंजीव होऊन लटकत असतात. माझ्या डब्याच्या फाळक्यावर दिरांच्या दोन मुलांची नावं होती. पांढऱ्या रंगात, सावली दिलेली अक्षरं. मी दुसरा डबा उलटा केला. त्यावरही तीच. चारही डब्यांवर तीच.

आमच्या वाटणीचं रान पुढे कुणाकडे जाणार, हे आमच्यात कुणी बोलत नाही. बोलायची गरजच नसते, सगळ्यांना पाठ आहे. फ्लॅटचंही तेच. मी त्यावर कधी भांडले नाही. पोरं वाईट नाहीत, घेतील आणि सांभाळतील. पण ही गाडी रान नव्हती. ही मी मरायच्या आधी माझी असणार होती.

"रुळावर ठेव की," दीर नवऱ्याला म्हणाले.

मी चाकांचं काही सांगितलं नाही. मीच चारही डबे रुळावर ठेवले, इंजिनाला तारेच्या आकड्याने जोडले आणि कंट्रोलर फिरवला. लाल दिवा लागला आणि इंजिन जागचं हललं नाही. मला बरं वाटलं. इतकं बरं मला त्या वर्षात वाटलं नव्हतं.

दीर खाली वाकले. त्यांनी डबा हलवून बघितला, इंजिन हलवून बघितलं. मग नवऱ्याला म्हणाले, "हेडच कमजोर हाय. कंपनीनं फसवलं."

"हेड कमजोर न्हाय," मी म्हणाले. थेट त्यांना. "डबे चुकीचे हायत. आणि त्यावरची नावं बी."

जाऊबाईंच्या हातात निरांजन होतं, ते तसंच राहिलं.

"नावाचं काय?" दिरांनी नवऱ्याला विचारलं.

"मला विचारा," मी म्हणाले. "गाडी माझी हाय. माझ्या गाडीवर तुमच्या पोरांची नावं कुणाला इचारून टाकली?"

तेव्हा ते माझ्याकडे वळले. बावीस वर्षांत ते माझ्याकडे असं सरळ बघून बोलल्याचं मला आठवत नाही. आवाजात राग नव्हता. खरंच न कळल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग कुणाची टाकायची व्हती?"

हा माणूस दुष्ट आहे असं मला म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. तो नव्हता. त्याने कौतुकाने पत्रा कापून घेतला होता, रंगाऱ्याच्या शेजारी बसून अक्षरं काढून घेतली होती. नाव नसलेला फाळका त्याला भुंडा वाटला असणार आणि जी नावं होती ती त्याने दिली. मला त्याचा त्यामुळे आणखीच संताप आला. वाईट माणसाला शिवी तरी देता येते.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं, "तिचं टाक." दोन शब्द. कुणी हसलं असतं, दीर चिडले असते, पण शब्द दोनच होते. नवरा खाली बसून आकड्याची तार सोडवत होता. ती सोडवायची काही घाई नव्हती.

मी थांबले. त्याला वेळ दिला. त्याने तार सोडवली, नीट वळवली आणि खिशात ठेवली.

"कुणाचंच न्हाय," मी दिरांना म्हणाले. "बिननावाची चालती."

मी चारही डबे गोणपाटात बांधले आणि दिरांच्या हातात दिले. चहा केला नाही. आमच्याकडे चहा न देता माणूस घालवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. जिन्यात जाऊबाई मागे राहिल्या, माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "मी म्हनलं व्हतं गं त्यास्नी, नावं नका घालू."

"मोठ्यानं म्हणायचं होतं," मी म्हणाले आणि हात सोडवून घेतला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्यावर राग काढायला नको होता, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

पुढच्या सुट्टीला मी सकाळच्या एसटीने एकटी पुण्याला गेले. दुकानदाराने निळं इंजिन परत घ्यायला खोकं उघडलं. "मॅडम, याला हे काय लागलंय?"

"कुंकू."

त्याने ते पुसून बघितलं. रंगाच्या फटीत बसलं होतं. पूजा झालेलं इंजिन परत घेता येणार नाही, तो म्हणाला, आणि मला त्याचं पटलं. ते इंजिन आता आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, सवाष्णीसारखं कुंकू लावून बसलंय. मी हिरवा संच घेतला. पूर्ण, एका खोक्यातला. वाटेत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, नातवाला का, तर मी डोळे मिटून घेतले.

त्याला आता आठ महिने झाले. दिवाण आणि टीव्हीच्या मध्ये रूळ कायमचे मांडलेले आहेत. बुटकं इंजिन वळणावर गुमान वळतं, मागे तीन उघडे डबे आणि टँकर. कशावरही काही लिहिलेलं नाही. कामावरून आले की मी अर्धा तास फिरवते. अंथुर्ण्याला आम्ही सणाला जातो, जेवतो, येतो. दीर पुन्हा नवऱ्यामार्फत बोलतात.

नवरा खुर्चीत बसून बघत असतो. सुरुवातीला पेपर पुढे धरायचा. आता धरत नाही. रुळावरून पलीकडे जाताना पाय उंच उचलून जातो. एकदा डबा घसरला तेव्हा तो अर्धा उठला आणि मी बघितल्यावर परत बसला. मी त्याला सांगितलं नव्हतं की हात लावू नका. त्याचं त्याला कळलं.

मागच्या रविवारी तो म्हणाला, "मी फिरवू का एकदा?"

हातातलं काम सोडून मी त्याच्याकडे बघितलं. फरशी, स्कूटी, दवाखाना, गाडी. इतक्या वर्षांत माझ्या वस्तूला हात लावायच्या आधी त्याने मला पहिल्यांदा विचारलं होतं. हे मला कळलं. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो कानापर्यंत लाल झाला होता. बावीस वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते, आणि तो आला तेव्हा माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

तो "बरं" म्हणाला आणि बसून राहिला.